गर्भाचा क्रम आणि जन्माचा अहंकार : पालि साहित्यातील गर्भविचार

मातेच्या उदरात मूल कसे वाढते, हा प्रश्न आज आपण वैद्यकशास्त्राचा मानतो. प्राचीन भारतात मात्र तो केवळ वैद्यांचा प्रश्न नव्हता. शरीरात आत्मा केव्हा शिरतो, उच्च-नीचतेचे मूळ जन्मात आहे काय, मुलगा होणे वा मुलगी होणे कोणाच्या हाती आहे, गर्भवती स्त्रीच्या शीलाचा निवाडा कोणी आणि कशावरून करावा, असे अनेक वाद या एका प्रश्नाभोवती उभे होते. पालि तिपिटकात आणि अट्ठकथांत गर्भाच्या वाढीविषयीचे उल्लेख ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. ते एकत्र ठेवून वाचले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. यांतील महत्त्वाची वर्णने केवळ शरीराची माहिती देण्यासाठी आलेली नाहीत. कोणीतरी काही मत मांडले, कोणावर तरी आरोप केला, आणि त्याला उत्तर देताना गर्भाचा विचार झाला. प्रसंग वेगवेगळे असले तरी उत्तराचा गाभा एकच आहे. गर्भ हेतू आणि प्रत्यय यांच्या योगाने क्रमाक्रमाने घडतो. तो आधीच घडलेला नसतो आणि जातीचा शिक्का घेऊनही येत नाही.

प्रस्तुत लेखात हे प्रसंग आम्ही क्रमाने मांडणार आहोत आणि आजच्या गर्भविज्ञानाशी ते कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, हेही सांगणार आहोत. आधुनिक कालगणना देताना आम्ही ती गर्भधारणेच्या दिवसापासून केली आहे. डॉक्टर मंडळी सामान्यतः शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या गणनेत सुमारे दोन सप्ताह अधिक येतात.

इंदक यक्षाचा प्रश्न

संयुत्तनिकायातील यक्खसंयुत्ताचे पहिलेच सुत्त इंदकसुत्त होय. भगवान बुद्ध राजगृहाजवळील इंदकूट पर्वतावर असताना इंदक नावाच्या यक्षाने त्यांना प्रश्न केला. रूप म्हणजे जीव नव्हे असे बुद्ध सांगतात. मग या प्राण्याला शरीर लाभते कसे, त्याची हाडे व मांसपिंड येतात कोठून, आणि तो गर्भाशयात चिकटून राहतो कसा, असा त्याचा आशय होता.

प्रश्नामागील भूमिका अट्ठकथेने उलगडून दाखविली आहे. हा यक्ष पुद्गलवादी होता. प्राणी मातेच्या उदरात एकाच वेळी संपूर्ण उत्पन्न होतो, असे त्याचे मत होते. त्याचा युक्तिवादही मोठा गमतीचा आहे. माता मासे-मांस खाते ते सारे एका रात्रीत पचून फेसाप्रमाणे विरून जाते. उदरातील गर्भ हा जर 'जीव' नसता, तर तोही तसाच विरून गेला असता. गर्भ टिकतो, म्हणून तेथे आत्म्यासारखे काहीतरी स्थिर तत्त्व असलेच पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष.

भगवंतांनी दिलेल्या उत्तरात आत्म्याचे खंडन करणारा एकही शब्द नाही. त्यांनी केवळ क्रम सांगितला. प्रथम कलल, कललापासून अब्बुद, अब्बुदापासून पेसी, पेसीपासून घन, घनापासून पसाखा म्हणजे अवयवांच्या शाखा, आणि त्यानंतर केस, लोम व नखे. शेवटी मातेच्या आहाराचा उल्लेख आहे. माता जे अन्न खाते, जे पेय पिते, त्यावरच उदरातील बालक जगते. एवढेच उत्तर. एक अवस्था दुसरीला जन्म देते आणि आहार तिला आधार देतो, हे दाखविल्यावर शरीर टिकविण्यासाठी स्थिर आत्म्याची गरज उरतच नाही. अनत्तवादाची इतकी साधी आणि इतकी मूर्त मांडणी अन्यत्र क्वचितच आढळते.

अट्ठकथेतील सप्ताह

मूळ गाथेत कालमापन नाही. ते संयुत्तनिकायाच्या 'सारत्थप्पकासिनी' या अट्ठकथेत येते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपूरच्या महाविहारात जुन्या सिंहली अट्ठकथांच्या आधारे ती रचली. तेथे प्रत्येक अवस्थेला एक सप्ताह दिला आहे. पहिल्या सप्ताहातील कलल म्हणजे लोकरीच्या तीन तंतूंनी वळलेल्या धाग्याच्या टोकावर थांबलेला तेलाचा थेंब. दुसऱ्या सप्ताहातील अब्बुदाचा रंग मांस धुतलेल्या पाण्यासारखा. तिसऱ्यातील पेसी वितळलेल्या कथिलासारखी. ती समजावून देताना आचार्य थेट खेड्यातील अंगणात जातात. गावच्या मुली पिकलेली मिरी फडक्यात बांधून पिळतात, तो रस खापरावर घालून उन्हात ठेवतात आणि वाळता वाळता तो खापरापासून सुटत जातो. पेसी तशी असते. चौथ्या सप्ताहातील घन कोंबडीच्या अंड्याच्या आकाराचा. पाचव्या सप्ताहात दोन हात, दोन पाय व मस्तक यांसाठी पाच उंचवटे निर्माण होतात. पुढील सप्ताह संक्षेपाने ओलांडून बेचाळिसाव्या सप्ताहातील परिपक्व अवस्थेत केस, लोम व नखांचा उल्लेख केला आहे.

हे वर्णन आजच्या ज्ञानाशी ताडून पाहू. गर्भधारणा गर्भाशयात नव्हे, तर बीजवाहिनीत होते. फलित बीज विभागत विभागत पुढे सरकते आणि सुमारे सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. तिसऱ्या सप्ताहात पेशींचे तीन थर तयार होतात. या तीन थरांतूनच पुढे त्वचा व मज्जासंस्था, स्नायू व अस्थी, आतडी व फुप्फुसे अशी सारी इंद्रिये घडतात. सुमारे बाविसाव्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. चौथ्या सप्ताहाच्या अखेरीस प्रथम हातांचे आणि मग पायांचे अंकुर दिसतात. आठव्या सप्ताहाच्या अखेरीस गर्भाची लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर असते. परंतु बहुतेक सर्व प्रमुख अवयवांची मांडणी तोवर पूर्ण झालेली असते. त्यानंतरचा काळ मुख्यतः वाढीचा आणि परिपक्वतेचा. गर्भधारणेपासून सरासरी २६६ दिवसांनी, म्हणजे ३८ सप्ताहांनी, जन्म होतो.

साम्य आहे, पण ते मर्यादित आहे. हातापायांच्या अंकुरांचा काळ अट्ठकथेत बराच जवळ आला आहे. मस्तक मात्र हातापायांसारखे अंकुरातून फुटत नाही. गर्भाच्या आरंभीच्या आकारात तोच सर्वांत मोठा भाग असतो. केस व नखे बेचाळिसाव्या सप्ताहाची वाट पाहत नाहीत. ती जन्माच्या कितीतरी आधी दिसू लागतात. हृदयाच्या स्पंदनाचा या वर्णनात पत्ताच नाही. अट्ठकथाकारांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. अकाली पडलेले गर्भ सुइणींनी पाहिले असतील आणि त्या पाहण्याला आचार्यांच्या अनुमानाची जोड मिळाली असेल, असे आम्हांस वाटते. म्हणून आधुनिक विज्ञानाने शोधलेले सर्व काही आमच्या ग्रंथांत आधीच होते, असा दावा करण्याचा मोह बौद्ध अभ्यासकांनी टाळला पाहिजे. हा मोह इतरांच्या बाबतीत आपल्याला हास्यास्पद वाटतो. तो आपल्यालाही शोभत नाही.

बौद्ध परंपरेत एकच कालगणना होती असेही नाही. संस्कृत परंपरेतील 'गर्भावक्रांतिसूत्र' गर्भवासाचे ३८ सप्ताह मोजते आणि प्रत्येक सप्ताहात गर्भाला आकार देणाऱ्या वायूचे वर्णन करते. या सूत्राची चिनी व तिबेटी भाषांतरे उपलब्ध आहेत आणि तिबेटी वैद्यकातही ३८ सप्ताहांचीच परंपरा आढळते. म्हणजे बौद्ध आचार्यांनी हा विषय एकदा सांगून सोडून दिला नाही. वेगवेगळ्या संप्रदायांनी तो आपापल्या परीने पुढे नेला.

नाळ आणि मातेचा आहार

इंदकसुत्ताच्या अट्ठकथेतील सर्वांत मोलाचा भाग आमच्या मते नाळेविषयीचा आहे. मातेच्या मुखातून गेलेले अन्न उदरातील बालकापर्यंत पोहोचते कसे? अट्ठकथा सांगते की बालकाच्या नाभीतून निघालेली नाळ मातेच्या उदरपटलाशी जोडलेली असते. ती कमळाच्या देठासारखी पोकळ असून तिच्यातून आहाररस वाहतो. अशा रीतीने बालक दहा महिने जगते.

आज आपल्याला माहीत आहे की नाळेत एक पोकळी नसून तीन रक्तवाहिन्या असतात, दोन रोहिण्या व एक नीला. नाळेचे दुसरे टोक वारेशी जोडलेले असते आणि मातेचे व बालकाचे रक्त वारेत परस्परांत मिसळत नाही. पातळ पडद्यातून अन्नद्रव्ये व प्राणवायू एकीकडून दुसरीकडे जातात. युरोपात अठराव्या शतकात जॉन व विल्यम हंटर या बंधूंच्या अभ्यासातून दोन्ही रक्ताभिसरणांचे हे वेगळेपण स्पष्ट झाले. विल्यम हंटर यांचा सगर्भ गर्भाशयाच्या चित्रांचा ग्रंथ १७७४ साली प्रसिद्ध झाला. तपशील बदलला, तरी अट्ठकथेतील मूळ विचार टिकून राहिला. गर्भाचे पोषण बाहेरच्या कोणा दैवी शक्तीने होत नाही. ते मातेच्या ताटातून होते.

'दहा महिने' या शब्दाने आजचा वाचक कदाचित गोंधळेल. २८ दिवसांचा महिना धरला, तर दहा महिन्यांचे २८० दिवस होतात आणि शेवटच्या पाळीपासून मोजल्यास प्रसूतीचा सरासरी काळ तेवढाच भरतो. आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, तीही याच काळाची लोकगणना होय.

एकदम की क्रमाने?

इंदक यक्षाच्या मताचा वाद यक्षापाशीच संपला नाही. पुढे तो भिक्खुसंघातच उभा राहिला. परंपरेनुसार सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे झालेल्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी 'कथावत्थु' या ग्रंथात परमतांचे खंडन केले. त्या ग्रंथाच्या चौदाव्या वर्गात असा प्रश्न येतो : चक्षू, श्रोत्र आदी सहाही आयतने गर्भधारणेच्या क्षणी एकदमच उत्पन्न होतात काय?

अट्ठकथा हे मत पुब्बसेलिय व अपरसेलिय यांचे असल्याचे सांगते. त्यांच्या मते कळीत जसा संपूर्ण वृक्ष असावा, तशी सर्व इंद्रिये आरंभीच सिद्ध असतात. थेरवाद्यांनी प्रतिप्रश्न केला : मग गर्भ सर्व अंगप्रत्यंगांसह मातेच्या उदरात उतरतो, असे तुम्ही म्हणाल काय? प्रतिपक्षाला तसे म्हणवेना. पुढे चर्चा केस, नखे, दात व हाडे यांवर येते आणि इंदकसुत्तातील गाथा प्रमाण म्हणून सादर होते. थेरवादी सिद्धांत असा की गर्भधारणेच्या क्षणी मन-आयतन व काय-आयतन तेवढी असतात. चक्षू, श्रोत्र, घ्राण व जिव्हा ही नंतर प्रकट होतात. त्यांच्या पूर्णतेसाठी अट्ठकथा ७७ दिवसांचा काळ देते. आजच्या विज्ञानानुसार डोळ्यांची व कानांची प्राथमिक चिन्हे चौथ्या सप्ताहाच्या सुमारास दिसतात आणि ७७ दिवसांपर्यंत डोळे, कान, नाक व जीभ यांचे आकार तयार झालेले असतात. त्यांचे कार्य मात्र त्यानंतर पुष्कळ काळाने सुरू होते.

याच स्वरूपाचा वाद युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत गाजला. लेव्हेनहुक याने १६७७ साली सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले. १६९४ साली हार्टसूकर याने शुक्रजंतूच्या मस्तकात अंग चोरून बसलेल्या चिमुकल्या माणसाचे काल्पनिक चित्र छापले. मूल आधीच पूर्ण असते, गर्भाशयात ते केवळ आकाराने वाढते, असे मानणारा मोठा पंथ तेव्हा होता. १७५९ साली वोल्फ याने कोंबडीच्या अंड्यातील गर्भाचे निरीक्षण करून अवयव नव्याने व क्रमाने घडतात हे दाखविले. १८२७ साली फॉन बेअर याने सस्तन प्राण्यांचे बीजांड शोधून काढले. थेरवाद्यांची पद्धत प्रयोगाची नव्हती, तर्काची व ग्रंथप्रामाण्याची होती, हा फरक विसरता येणार नाही. परंतु दोन्हीकडे निर्णय एकाच दिशेने झाला.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन थेरांनी याच अवस्थांचा उपयोग करून घेतला आहे. मनुष्य लहानपणी जो होता तोच मोठेपणी असतो की दुसरा, या चर्चेत ते राजा मिलिंदाला विचारतात : कललाची माता वेगळी, अब्बुदाची वेगळी, पेसीची वेगळी, घनाची वेगळी, असे म्हणायचे काय? अवस्था बदलतात, तरी प्रवाह तुटत नाही. तेच ते नाही आणि सर्वस्वी वेगळेही नाही, हे समजावून देण्यास आईच्या उदराएवढे प्रत्ययकारी उदाहरण दुसरे कोणते?

ब्रह्माच्या मुखातून कोण जन्मले?

आता आपल्या वाचकांना सर्वांत जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या प्रसंगाकडे वळू. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात सोळा वर्षांचा विद्वान ब्राह्मण तरुण अस्सलायन श्रावस्तीत भगवंतांकडे येतो. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, कारण ब्राह्मण ब्रह्माच्या मुखातून जन्मले, हे त्याच्या समाजाचे म्हणणे तो मांडतो. भगवंतांचे पहिले उत्तर गर्भशास्त्राचे आहे. ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भवती होतात, प्रसूत होतात, मुलांना अंगावर पाजतात, हे सर्वांना दिसते. अशा रीतीने मातेच्या योनीतूनच जन्मलेले लोक आपण ब्रह्माच्या मुखातून जन्मलो असे कसे म्हणतात? पुरुषसूक्ताच्या आधारावर उभारलेली वर्णांची उतरंड येथे एका दाईच्या अनुभवाने मोडून पडते.

याच सुत्तात दुसरा दाखला येतो. घोडी व गाढव यांच्या संयोगातून खेचर जन्मते आणि ते दोघांहून वेगळे दिसते. क्षत्रिय तरुण व ब्राह्मण कन्या यांना झालेले मूल मात्र मातेसारखे व पित्यासारखेच असते. मनुष्यांत वेगवेगळ्या जाती असत्या, तर संततीत तो फरक दिसला असता. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तही हाच विचार वनस्पती, कीटक व पशू यांच्या उदाहरणांनी मांडते.

शेवटी असित देवल ऋषीची कथा येते. अरण्यातील पर्णकुटीत राहणारे सात ब्राह्मण ऋषी जन्मश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करीत असत. देवल त्यांना विचारतो : तुमची माता केवळ ब्राह्मणाकडेच गेली, आणि तिची माता, तिच्याही मातेची माता, अशा सात पिढ्यांपर्यंत तसेच घडले, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ते नाही म्हणतात. पित्याकडील सात पिढ्यांविषयीही उत्तर तेच. मग तो गर्भधारणेच्या तीन अटी वदवून घेतो : मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्बाची उपस्थिती. तो गंधब्ब क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य की शूद्र, हे तुम्ही जाणता काय? तेही त्यांना ठाऊक नसते. मग आपण कोण आहात, हे तरी तुम्ही जाणता काय? ऋषी कबूल करतात की आपण कोण, हे आपल्याला ठाऊक नाही.

'गंधब्ब' या शब्दाने अनेक वाचकांच्या मनात शंका उत्पन्न होते. हा एखादा भटकणारा आत्मा आहे काय? महातण्हासंखयसुत्तातही या तीन अटी आल्या आहेत आणि तेथे अट्ठकथा स्पष्टपणे सांगते की मातापित्यांच्या संयोगाची वाट पाहत जवळ उभा असलेला कोणी, असा याचा अर्थ नाही. विशेष म्हणजे त्याच सुत्तात साति नावाच्या भिक्खूला, तेच विज्ञान एका जन्मातून दुसऱ्या जन्मात संसरण करते असे म्हटल्याबद्दल, भगवंतांनी कठोर शब्दांत फटकारले आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा, असे दोन प्रश्न वेगळे केले आणि आत्म्याचे संक्रमण नाकारले. गंधब्ब हा शब्द वाचताना हा विवेक जागा ठेवावा. देवलाच्या कथेत त्या शब्दाचे कार्य एकच आहे : ज्याची जात कोणालाही सांगता येत नाही, असे काहीतरी प्रत्येक गर्भाच्या मुळाशी आहे.

विशाखेने केलेली परीक्षा

गर्भाच्या कालगणनेवर एका स्त्रीची प्रतिष्ठा अवलंबून होती, असा प्रसंग निग्रोधमिगजातकाच्या प्रास्ताविक कथेत व धम्मपदाच्या अट्ठकथेत आला आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीच्या कन्येला प्रव्रज्या घ्यायची होती. मातापित्यांनी अनुमती दिली नाही. तिचा विवाह झाला. पुढे पतीच्या संमतीने तिने प्रव्रज्या घेतली, तेव्हा आपण गर्भवती आहोत हे तिला ठाऊक नव्हते. ती देवदत्ताच्या पक्षातील भिक्खुणींमध्ये राहू लागली. गर्भ दिसू लागताच प्रकरण देवदत्तापुढे गेले. त्याने चौकशी न करता, आपली अपकीर्ती होईल या भयाने, तिला काढून टाकण्याची आज्ञा दिली.

ती चालत श्रावस्तीला आली. भगवंतांना तिची निर्दोषता ठाऊक होती, असे कथा म्हणते. तरीही त्यांनी केवळ आपल्या शब्दावर प्रकरण मिटविले नाही. राजा पसेनदी, अनाथपिंडिक व विशाखा यांच्या समक्ष निर्णय व्हावा म्हणून त्यांनी ते उपालि थेरांकडे सोपविले. उपालि थेर विनयाचे ज्ञाते, पूर्वाश्रमीचे न्हावी. त्यांनी विशाखेला सांगितले : हिने प्रव्रज्या अमुक महिन्यात, अमुक दिवशी घेतली, गर्भ त्यापूर्वीचा की नंतरचा, हे तू पाहा. विशाखेने पडदा लावून तिचे हात, पाय, नाभी व उदर तपासले, महिने व दिवस यांचा मेळ घातला आणि गर्भ गृहस्थाश्रमातील असल्याचे सांगितले. भर परिषदेत ती भिक्खुणी निर्दोष ठरली. तिचा मुलगा राजाने वाढविला. तोच पुढे कुमारकस्सप थेर म्हणून प्रसिद्ध झाला.

आरोप करणारा उच्च कुळातील, निवाडा करणारा न्हाव्याच्या कुळातील आणि पुरावा तपासणारी अनेक लेकरांची आई असलेली एक उपासिका. शीलाची शंका शपथेने नव्हे, अग्निदिव्याने नव्हे, तर महिने-दिवसांच्या हिशेबाने मिटविली गेली. सीतेच्या कथेवर वाढलेल्या या देशात ही कथा घरोघरी पोहोचावयास हवी होती.

कुमारकस्सपाच्या निमित्ताने विनयपिटकात आणखी एक निर्णय नोंदला आहे. उपसंपदेसाठी वीस वर्षे वय आवश्यक असते. कुमारकस्सपाची वीस वर्षे गर्भापासून मोजून भरत होती. मातेच्या उदरात प्रथम चित्त उत्पन्न होते तोच त्याचा जन्म मानून, गर्भापासून वीस वर्षे मोजण्यास भगवंतांनी अनुमती दिली. चुल्लवग्गात, प्रव्रज्येनंतर प्रसूत झालेल्या भिक्खुणीला मूल जाणते होईपर्यंत त्याचे संगोपन करण्याची आणि सोबतीला एक भिक्खुणी देण्याची अनुमती आहे. संघाने अशा मातेला टाकले नाही.

मुलगा की मुलगी?

कलल, घन, पेसी, अब्बुद हे शब्द बौद्धांचे एकट्याचे नाहीत. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत ते थोड्याफार फरकाने येतात. परंतु तेथे एक लक्षणीय भेद आहे. दुसऱ्या महिन्यातील गर्भ पिंडाकार असेल तर पुरुष, पेशीच्या आकाराचा असेल तर स्त्री, अर्बुदाकार असेल तर नपुंसक, असे त्या संहिता सांगतात. पालि परंपरेत याच शब्दांना लिंगभेदाचा स्पर्श नाही. त्या प्रत्येक गर्भाला ओलांडाव्या लागणाऱ्या पायऱ्या आहेत. मुलगा व मुलगी एकाच वाटेने येतात.

अभिधम्माच्या परंपरेत तर स्त्रीभाव वा पुरुषभाव गर्भधारणेच्या पहिल्याच क्षणी असतो, असे मानले आहे. मुलगाच व्हावा म्हणून पुढे तिसऱ्या महिन्यात करावयाच्या पुंसवन संस्काराला या विचारात जागाच उरत नाही. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने गुणसूत्रांवरून लिंगनिश्चिती कशी होते ते दाखविले. मनुष्यात मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रजंतूतील गुणसूत्रावरून गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. तरीही मुली झाल्या म्हणून सुनेला दोष देणारी घरे आजही आहेत, आणि ती आपल्या वस्त्यांतही आहेत, हे कबूल केले पाहिजे. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. कायदा करावा लागला, यातच समाजाचे अपयश आहे. राणी मल्लिकेला कन्या झाल्याचे ऐकून खिन्न झालेल्या राजा पसेनदीला भगवंतांनी, स्त्री ही पुरुषाहूनही श्रेष्ठ निघू शकते, असे सांगितले होते. ज्या घरात बुद्धवंदना होते, त्या घराने तरी मुलीच्या जन्मावर खिन्न होऊ नये.

मातेचे ताट

इंदकसुत्ताचा शेवट मातेच्या अन्नाने झाला होता. आमच्या मते या साऱ्या विचाराचा आजच्या समाजाशी सर्वांत जवळचा संबंध तेथेच आहे. गर्भ प्रत्ययांवर वाढतो, असे एकदा मान्य केले, की ते प्रत्यय पुरविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. गर्भाचे भवितव्य पूर्वसंचितावर वा व्रतवैकल्यांवर सोडता येत नाही. अर्धपोटी राबणाऱ्या, शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यावर ओझे वाहणाऱ्या स्त्रीचे मूल अशक्त जन्मले, तर ते त्याचे नशीब नव्हे. तो समाजाचा हिशेब आहे.

बाबासाहेबांनी हा हिशेब विधिमंडळात मांडला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. संपूर्ण देशासाठीचा कायदा १९६१ साली आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ सप्ताहांची झाली. परंतु शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात राबणाऱ्या आपल्या बहुसंख्य भगिनींपर्यंत ही रजा पोहोचलेली नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते ते प्रथम घरातील ताट. गर्भवती सुनेला घरातील सर्वांच्या शेवटी आणि उरलेसुरले वाढण्याची रीत जोवर चालू आहे, तोवर आपण इंदकसुत्त वाचले, असे म्हणता येणार नाही.

विहारांतून वर्षावासाच्या काळात ग्रंथवाचन होते. त्यात एक दिवस या सुत्तासाठी ठेवावा. त्या दिवशी गावातील आरोग्यसेविकेला वा डॉक्टरांना बोलवावे. गाथेचा अर्थ उपासकांनी सांगावा आणि गर्भवतीचा आहार, रक्ताची तपासणी व सुरक्षित प्रसूती यांची माहिती त्यांनी द्यावी. त्या सभेला सासवांनी व पुरुषांनी आवर्जून बसावे, एवढीच आमची विनंती आहे.